ब्रिटनमध्ये जखमांच्या शुश्रूषेवर पीएच.डी.: नाशिकच्या एका प्राध्यापिकेला उत्तर

सप्रेम नमस्कार. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातून एम.एस्सी. नर्सिंग करून तुम्ही नाशिकमध्ये शिकवता आणि रुग्णसुरक्षेचे शिक्षण व जखमांची शुश्रूषा या विषयांत ब्रिटनमध्ये पीएच.डी. करण्याचा तुमचा विचार आहे. बेडसोरवरच्या (सतत पडून राहिल्याने दाबाखालच्या त्वचेला होणाऱ्या जखमांवरच्या) तुमच्या प्रबंधाला इथे किंमत आहे का आणि यायचे तर विद्यार्थी म्हणून की परिचारिका म्हणून, हे तुम्ही विचारले आहे. मी मूळची नाशिकरोडची, आता ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये परिचारिका म्हणून वॉर्डात काम करते.

आधी प्रबंधाचे बोलते, कारण बाकीचे त्यावरच ठरते. परिचारिकांच्या एका गटाची प्री-टेस्ट, मग अध्यापन, मग पोस्ट-टेस्ट आणि गुण वाढल्याचा निष्कर्ष, या साच्यातल्या प्रबंधांनी आपल्या नर्सिंग कॉलेजांची कपाटे भरली आहेत. शिकवून लगेच परीक्षा घेतली तर गुण वाढणारच! डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: शिकणाऱ्याचा प्रतिसाद, ज्ञान, कामातला बदल आणि प्रत्यक्ष परिणाम. आपण बहुधा दुसरीवरच थांबतो. इथला मार्गदर्शक मात्र लगेच विचारतो, की त्यानंतर रुग्णाची कूस वेळेवर बदलली गेली का आणि नवे बेडसोर किती झाले. त्यातही एक मेख आहे. चांगले शिकवले की परिचारिका पूर्वी नजरेआड होणाऱ्या जखमाही नोंदवू लागतात, म्हणून पहिल्या काही महिन्यांत आकडा उलट वाढू शकतो. त्यासाठी शिकवण्याआधीच, स्वतंत्र निरीक्षकाकडून रुग्णांची त्वचा तपासून घेतलेली नोंद हाताशी हवी आणि शक्य असेल तर तुलनेसाठी दुसरा वॉर्डही.

तुमच्याजवळ असलेले दोन विषय मात्र इथल्या उमेदवारांना सहज मिळणारे नाहीत. पहिला त्वचेचा. बेडसोरची पहिली श्रेणी म्हणजे बोटाने दाबूनही फिकी न पडणारी लाली. सावळ्या त्वचेवर ती सहज दिसत नाही आणि बरेचदा जखम उघडी पडल्यावरच लक्षात येते. माकडहाडावर हाताची मागची बाजू ठेवून तिथली त्वचा शेजारच्या त्वचेपेक्षा गरम, कडक किंवा पिठासारखी मऊ लागते का, हे पाहावे लागते. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही गडद त्वचेसाठी तापमान आणि त्वचेखालचा ओलावा तपासण्याचा सल्ला आहे. तुमच्या विद्यार्थिनी रोज अशीच त्वचा हाताळतात.

दुसरा विषय नातेवाइकांचा. सिव्हिलमध्ये रात्री कूस बदलते ती बहुतेक वेळा कॉटखाली सतरंजी टाकून झोपलेली सून किंवा मुलगा. इथे ते काम परिचारिका आणि हेल्थकेअर असिस्टंट (त्यांचे मदतनीस) करतात. तेव्हा सुरक्षेचे शिक्षण नेमके कोणाला द्यायचे, हा प्रश्न नाशिकमध्ये वेगळा आहे आणि तो नीट मांडला तर प्रस्ताव चारचौघांसारखा राहणार नाही.

आता मार्गाविषयी. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, परदेशी विद्यार्थ्यांची फीही जबर असते आणि इथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम मिळत नाही. पूर्ण शिष्यवृत्ती असेल तर खुशाल थेट या. संशोधनाच्या पदवीसाठी येणाऱ्यांना कुटुंब आणण्याची मुभाही आहे. शिष्यवृत्ती नसेल तर माझा कौल आधी परिचारिका म्हणून येण्याला आहे, जरी अलीकडे परदेशी परिचारिकांची भरती बरीच आटली असली तरी. त्या नोंदणीसाठी आयईएल्टीएस अ‍ॅकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, बोलणे यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. संगणकावरची लेखी परीक्षा (सीबीटी) भारतात देता येते, दहा स्टेशनांची प्रात्यक्षिक परीक्षा (ऑस्की) ब्रिटनमध्येच द्यावी लागते. नोकरी मिळवून देण्याचे पैसे एजंट मागत असेल तर त्याला सोडा. परदेशी भरतीच्या इथल्या आचारसंहितेनुसार उमेदवाराकडून तसे शुल्क घेता येत नाही.

वॉर्डात रुजू झाल्यावर टिश्यू व्हायेबिलिटी नर्सबरोबर (जखमांच्या शुश्रूषेतल्या तज्ज्ञ परिचारिकेबरोबर) काम मागून घ्या. जखमेची लांबी-रुंदी मोजणे, फोटो काढणे, ड्रेसिंग निवडण्यामागचे कारण लिहून ठेवणे ही शिस्त तिथे अंगवळणी पडते आणि संशोधनाच्या मुलाखतीत ती लगेच जाणवते. विद्यापीठांपैकी कार्डिफ, हडर्सफील्ड आणि आयर्लंडमधल्या डब्लिनचे आरसीएसआय हे वैद्यकीय विद्यापीठ यांची जखमांवरची कामे आधी वाचा. आयर्लंडमध्ये नोंदणी मात्र वेगळी करावी लागते.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे व्हेरिफिकेशन आणि विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट (अभ्यासक्रम व गुणांचा अधिकृत तपशील) यांचे अर्ज आताच करा. कागद येईपर्यंत तुमच्या संलग्न रुग्णालयातल्या दोन वॉर्डांत त्वचेची नोंद सुरू करता येईल, पण पहिल्या रुग्णाला हात लावण्यापूर्वी संस्थेच्या एथिक्स कमिटीची लेखी परवानगी घ्या. मागाहून मिळवलेल्या परवानगीवर चांगली नियतकालिके लेख स्वीकारत नाहीत.