पन्नाशीनंतर एलएल.एम. : वय आड येत नाही, जुनी कलमे येतात

प्रश्न : मी ५४ वर्षांची आहे. १९९४ मध्ये एलएल.बी. झाले, पण वकिलीची सनद न घेता बँकेत नोकरी धरली आणि त्यातली बरीच वर्षे थकीत कर्जांच्या वसुलीत गेली. गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता एलएल.एम. (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करावे असे मनात आहे. मुलीचा आग्रह आहे. यजमान मात्र विचारतात, की या वयात पदवी घेऊन पुढे काय करणार? प्रवेश मिळेल का, अभ्यासक्रम एक वर्षाचा घ्यावा की दोन वर्षांचा, आणि इतक्या वर्षांनी अभ्यास झेपेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रवेशाचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत एलएल.एम.ला प्रवेश देणाऱ्या ‘क्लॅट पीजी’ परीक्षेला वयाची कमाल मर्यादा नाही; खुल्या प्रवर्गासाठी एलएल.बी.ला ५० टक्के गुण असले की पुरते.

यजमानांचा प्रश्न खोचक वाटला तरी रास्त आहे. वकिली करायची असेल तर एलएल.एम.ची गरजच नाही. ‘ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१’प्रमाणे सनदेला एलएल.बी. पुरते, आणि आपण २००९-१० पूर्वीच्या पदवीधर असल्याने अखिल भारतीय बार परीक्षाही (वकिलीसाठीची पात्रता परीक्षा) आपल्याला लागू होत नाही. शिकवायचे असेल तर एलएल.एम.नंतर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा आहे. सहायक प्राध्यापकपदाच्या नेटला वयाची अट नाही, तरी साठीच्या उंबरठ्यावर कायम नेमणुकीची आशा धरून दोन वर्षे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. राहतो तो एखाद्या विषयाचा मुळापर्यंत जाऊन अभ्यास करण्याचा हेतू, आणि आपल्या पत्रावरून तोच खरा दिसतो.

झेपण्याविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. मी स्वतः ४९व्या वर्षी एलएल.एम.च्या वर्गात बसलो, तेव्हा स्मरणशक्ती कमी पडेल अशी भीती होती. प्रत्यक्षात अडचण झाली ती पक्क्या स्मरणशक्तीचीच. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. ‘तीनशे दोन’ म्हटले की आपल्या पिढीला खून आठवतो. न्याय संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, आणि ३०२ हे कलम धार्मिक भावना दुखावणाऱ्या बोलण्याबद्दल आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या संहितेत ते ५२८ मध्ये गेले आणि ४८२ वर अटकपूर्व जामीन येऊन बसला. शिक्षकांनी ‘४८२’ म्हणताच मी पहिल्याच आठवड्यात वहीत भलतेच लिहून ठेवले, आणि शेजारच्या बावीस वर्षांच्या मुलीने पेन्सिलीने ते हळूच खोडले. शिवाय जुने विसरूनही चालत नाही, कारण त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागू राहते. जुन्या-नव्या कलमांचा तक्ता स्वतःच्या हाताने लिहून काढावा. छापील तक्ता विकत मिळतो, पण तो डोक्यात उतरत नाही.

एक वर्षाचा अभ्यासक्रम राष्ट्रीय विधी विद्यापीठांत (महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे) चालतो. त्यात संशोधनपद्धती, तौलनिक सार्वजनिक कायदा यांसारखे अनिवार्य विषय, ऐच्छिक विषय आणि प्रबंध हे सारे वर्षभरात बसवलेले असल्याने श्वास घ्यायला उसंत नसते. पारंपरिक विद्यापीठांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. अभ्यासाची सवय सुटलेल्या माणसाने दुसरा मार्ग धरावा, असे मी सुचवतो.

विषयाच्या बाबतीत आपण तरुण वर्गमित्रांच्या पुढे आहात. बँकांच्या थकीत कर्जवसुलीसाठीच्या २००२ च्या सरफेसी कायद्यातील कलम १३(२) ची, कर्जदाराला पाठवायची साठ दिवसांची नोटीस इतरांनी पुस्तकात वाचलेली असते. आपण ती पाठवलेली आहे, तिच्यावर कर्जदाराने घेतलेले आक्षेप हाताळले आहेत आणि प्रकरण कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात गेल्यावर तारखांचे काय होते हेही पाहिले आहे. प्रबंधाचा विषय तिथेच शोधावा. मात्र बँकेच्या बाजूने इतकी वर्षे पाहण्याची सवय झालेली असल्यामुळे कर्जदाराची बाजू मुद्दाम अधिक वाचावी लागेल, आणि नोकरीत हाताळलेली गोपनीय प्रकरणे प्रबंधात आणता येणार नाहीत.

अर्ज भरण्यापूर्वी एक काम लगेच करावे. एलएल.बी.च्या गुणपत्रिकांवर माहेरचे नाव असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र आताच काढून ठेवावे, आणि एखादी गुणपत्रिका हरवली असेल तर विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीचा अर्ज या महिन्यातच करावा. १९९४ च्या नोंदी शोधून मिळायला वेळ लागतो आणि प्रवेशाची मुदत त्यासाठी थांबत नाही.