खिशातली गोळी आणि उशाखालची गोळी

या वेळची पत्रं आहेत लिंगाच्या ताठरतेच्या गोळ्यांबद्दल आणि बहुतेकांत पहिलीच ओळ होती, "डॉक्टर, नाव छापू नका." नाही छापत. पण तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांपासून मात्र लपवू नका. का, ते पहिल्याच उत्तरात येईल.

प्रश्न : वय 67. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. आता ठणठणीत आहे, रोज पाऊण तास चालतो. मित्राने ताठरतेसाठी 100 मिलिग्रॅमची सिल्डेनाफिलची गोळी दिली आहे. घेऊ का?

अँजिओप्लास्टी झाली म्हणजे हा विषयच संपला, असं नाही. धाप न लागता, छातीत न दुखता दोन जिने चढता येत असतील, तर संभोगाचा ताण बहुतेकांचं हृदय सोसतं. तरी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि त्याआधी मला सांगा, तुमच्या पाकिटात सॉर्बिट्रेट आहे का? छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची ती बारीक गोळी?

पुष्कळ जण म्हणतात, "आहे, पण वर्षभरात लागली नाही." तिथेच घोटाळा होतो. सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट गटाचं औषध रक्तवाहिन्या सैल करणारं एक द्रव्य शरीरात वाढवतं. सिल्डेनाफिल त्याच द्रव्याचा निचरा होऊ देत नाही. एकाने नळ सोडायचा आणि दुसऱ्याने मोरीला बोळा लावायचा, तसं. रक्तदाब इतका कोसळतो की माणूस जिवाला मुकू शकतो. सॉर्बिट्रेट, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट, नायट्रोग्लिसरीनची गोळी, फवारा किंवा चिकटपट्टी यांपैकी काहीही चालू असेल, तर ताठरतेची गोळी नाही म्हणजे नाही. निकोरँडिल या छातीदुखीवरच्या औषधालाही हाच नियम. रोज घेता की कधीमधी, याने फरक पडत नाही.

आता उलट बाजू. ताठरतेची गोळी घेतली आणि त्यानंतर छातीत दुखू लागलं, तर सॉर्बिट्रेट तोंडात टाकू नका. सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास आणि टाडालाफिल या ताठरतेच्या दुसऱ्या गोळीनंतर किमान 48 तास नायट्रेट वर्ज्य. 108 ला फोन करा आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा की कोणती गोळी, किती वाजता घेतली. तिथे सून उभी असते, मुलगा उभा असतो आणि आजोबा गप्प बसतात. म्हणून निदान पत्नीला तरी ठाऊक असू द्या.

गंमत बघा, सिल्डेनाफिलची सुरुवातीची चाचणी छातीत दुखण्यावरचं औषध म्हणूनच चालली होती. त्यात ते फारसं चाललं नाही, पण भलताच परिणाम दिसला आणि 1998 साली अमेरिकेत व्हायग्रा नावाने मान्यता मिळाली.

राहिली मित्राची 100 ची गोळी. ती त्याला परत द्या. पासष्टीनंतर औषध शरीरातून सावकाश बाहेर पडतं, म्हणून सुरुवात साधारण 25 पासून करतात.

प्रश्न : वय 58, मधुमेह बारा वर्षांचा. दोनदा गोळी घेतली, काही उपयोग नाही. औषध बनावट असेल का?

असूही शकेल, पण तुमच्या पत्रातच दुसरं कारण सापडलं. "शनिवारी मटण, दोन पेग, मग गोळी आणि पडून वाट बघत बसलो." तेलकट जेवणावर सिल्डेनाफिलचा असर तासभर लांबतो. दारूने ताठरता आणखी ढिली पडते, रक्तदाबही उतरतो. आणि नुसतं छताकडे बघत पडल्याने काही होत नाही. ही गोळी इच्छा निर्माण करत नाही, इच्छा झाल्यावर रक्तपुरवठ्याला मदत करते. हलकं खाऊन, तासभर आधी, असं डॉक्टरांच्या सल्ल्याने काही वेळा घेऊन मगच निकाल लावा. एका दिवसात दुसरी गोळी नाही. मधुमेहात नसाही दुखावलेल्या असतात, त्यामुळे गुण कमी येऊ शकतो. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) काय आहे, ते लिहिलं नाहीत.

प्रश्न (एका भगिनींचा) : मिस्टर 70 वर्षांचे. परवा रात्री बाथरूमला उठले आणि चक्कर येऊन पडले. कपाटात कात्रीने कापलेल्या स्ट्रिपमध्ये दोन गोळ्या मिळाल्या, नाव अर्धंच दिसतं. ते काही बोलत नाहीत. प्रोस्टेटची गोळी चालू आहे.

ताई, भांडू नका. त्यांना लाज वाटते आहे. प्रोस्टेटसाठी बहुधा टॅमसुलोसिनसारखी गोळी असेल. ती रक्तवाहिन्याही सैल करते. त्यावर ताठरतेची गोळी पडली की उभं राहताना रक्तदाब एकदम उतरतो आणि माणूस खाली. रक्तदाबासाठी प्राझोसिन घेणाऱ्यांचंही असंच होतं. दोन्ही एकत्र कधीच चालत नाहीत असं नाही, पण आधी प्रोस्टेटचं औषध अंगवळणी पडलेलं हवं, मग दुसरं अगदी कमी मात्रेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने. डोक्याला मार लागला असेल, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आजच दाखवा. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, ती कापलेली स्ट्रिपसुद्धा.

प्रश्न : आयुर्वेदिक कॅप्सूल घेतली तर साइड इफेक्ट नाहीत ना? जाहिरातीत "अर्ध्या तासात असर" लिहिलं आहे.

अर्ध्या तासात असर करणारी जडीबुटी दिसली की मला आधी सिल्डेनाफिलचाच वास येतो. "हर्बल" म्हणून विकलेल्या अशा मालात तेच औषध मिसळलेलं तपासणीत वारंवार सापडलं आहे, मात्रा किती ते देव जाणे. सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने ती कॅप्सूल घेतली तर काय होईल, ते वर लिहिलं आहेच.

प्रश्न : ताठरतेच्या गोळीने डोकं दुखतं, चेहरा लाल होतो. बंद करू का?

डोकेदुखी, चोंदलेलं नाक, जळजळ, थोडा वेळ निळसर दिसणं हे नेहमीचं. डॉक्टर मात्रा कमी करून देतील. टाडालाफिलने कंबर धरते. पण एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, ऐकू येईनासं झालं किंवा ताठरता चार तासांवर टिकली, तर सकाळची वाट बघू नका. लाजेपायी रात्र काढणाऱ्यांचं कायमचं नुकसान होतं.

प्रश्न : वय 49, कुठलाच आजार नाही. सहा महिने अडचण आहे. ऑनलाइन मागवू का?

आधी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे त्या आधी तुंबतात. हृदयविकाराची चाहूल कित्येकदा इथेच काही वर्षं आधी लागते. सिगारेट ओढता का, हेही कळवा. "कुठलाच आजार नाही" असं लिहिलंत, पण शेवटची तपासणी कधी केलीत?