मोरोक्कोतल्या फेझला पहिल्यांदाच जातोय, दोनच दिवस आहेत. काय लक्षात ठेवावं?

मुक्काम जुन्या शहरातच, फेझ अल-बालीत करा. तिथल्या गल्ल्यांत गाड्या शिरत नाहीत, त्यामुळे चाकांच्या जड बॅगेपेक्षा पाठीवरची सॅक बरी. मागून ‘बलाक!’ अशी आरोळी आली की भिंतीला चिकटा, लादलेलं गाढव येतंय.

रस्ता चुकणारच. बाब बुजलूद या वेशीपासून निघालेली तला कबिरा ही उताराची वाट धरून ठेवा. चढ लागला की साधारण परतीच्या दिशेला आहात. ‘हा रस्ता बंद आहे, मी दाखवतो’ म्हणणारा बहुतेकदा नंतर पैसे मागतो. हसून नाही म्हणा. वाट विचारायचीच तर दुकानदाराला विचारा. शुवारा चर्मालय, म्हणजे कातडी कमावण्याची जागा, गच्चीवरून दिसतं. ती गच्ची चामड्याच्या दुकानाची, तेव्हा खरेदीचा आग्रह होणारच. कातड्यांचा वास उग्र असतो, म्हणून हातात पुदिना देतात, तो नाकाशी धरा! करवियीन मशिदीत बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही, दारातून डोकवा. बू इनानिया मदरसा मात्र आतून बघता येतो आणि तो चुकवू नका.

शाकाहारी असाल तर बिसारा, म्हणजे वाळलेल्या बाकल्याचं (फावा बीन्सचं) दाट सूप, आणि वांग्याचं झालूक मागा. हे झालूक आपल्या भरताच्या जवळचंच. ‘भाज्यांचा’ ताजीन, म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा, कधी मांसाच्या रश्शात शिजतो, विचारून घ्या.

सुटे दिरहम (तिथलं चलन) जवळ हवेतच. शुक्रवारी बरीच दुकानं बंद असतात, खरेदी त्या दिवसावर ठेवू नका.