जळगावात गाडी आहे, चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर पी०४५५ दाखवतो. गळती कुठे शोधू?

आधी पेट्रोल टाकीचं झाकण बघा. पी०४५५ म्हणजे पेट्रोलच्या वाफेची मोठी गळती, आणि ती बहुतेकदा झाकण नीट न बसल्याने किंवा सील चिरल्याने होते. सील ठीक असेल तर पर्ज व्हॉल्व्हची (साठलेली वाफ इंजिनात सोडणारी झडप) वायर काढून त्यात हातपंपाने हवा भरा (तोंडाने नको). आरपार गेली तर तो उघडा अडकलाय. कॅनिस्टरजवळचा (वाफ साठवणारा कोळशाचा डबा) व्हेंट व्हॉल्व्ह, म्हणजे बाहेरची हवा आत घेणारी झडप, मात्र वीज नसताना उघडाच असतो, उगाच बदलू नका. तरी सापडलं नाही तर स्मोक टेस्ट, म्हणजे नळ्यांत धूर सोडून तो कुठून निघतो ते बघणं, दाब १ पीएसआयच्या (दाबाचं एकक) आत. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने धड नळ्याही सुटतील.

कोड पुसल्यावर लगेच खात्री धरू नका. बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड, टाकी साधारण १५ ते ८५ टक्के आणि बाहेर ३५ अंशांखाली असेल तरच गाडी गळतीची ही तपासणी स्वतः करते. खान्देशात मे महिन्यात म्हणजे पहाटेच.