बोर्ड नको, चाकं बदल

प्रश्न : मी खानापूरला पीयूसी पहिल्या वर्षाला आहे. मामानं पुण्याहून स्केटबोर्ड आणला. कॉलेजच्या फरशीवर तो झकास पळतो, पण घराजवळच्या डांबरी रस्त्यावर पाय बधिर होतात आणि बारीक खड्याला अडकून मी पडतो. बोर्ड बदलू का?

उत्तर : बोर्डाला हात लावू नकोस, चाकं बदल. चाकावर काय छापलंय ते वाच. बहुतेक ५२ आणि ९९ए असं काहीतरी असेल. पहिला आकडा मिलिमीटरमधला व्यास, दुसरा कडकपणा. असं लहान, कडक चाक फरशीसाठी आणि रॅम्पसाठी उत्तम. खडी वर आलेल्या आपल्या रस्त्यांवर मात्र ते प्रत्येक दणका थेट टाचेत पोचवतं. तुला साधारण ६० मिलिमीटरचं, ७८एचं मऊ चाक हवं. मऊ चाक हादरा पिऊन टाकतं आणि मोठं चाक खड्यावरून चढून जातं. रस्त्याला टेकणारा पट्टा रुंद असलेलं घे, पकड चांगली मिळते. ट्रिक करायच्या तर जुनीच चाकं लाव, ती जपून ठेव.

आता नीट ऐक. मोठं चाक वळताना बोर्डाच्या पोटाला घासलं तर बोर्ड गपकन थांबतो आणि तू पुढं फेकला जातोस. म्हणून ट्रक (चाकं बसवलेला खालचा धातूचा सांगाडा) आणि बोर्डाच्या मध्ये रायझर पॅड, म्हणजे बोर्ड उंच करणारी जाड चकती घाल, बोल्टही तेवढे लांब घे. बसवल्यावर वर उभा राहून दोन्हीकडं पूर्ण कल दे. घासल्याची खूण दिसली तर आणखी जाड पॅड लागेल.

बेअरिंगवर पैसे घालू नकोस रे, जुनीच बसतात. फक्त पावसात बोर्ड बाहेर काढू नकोस. तिकडचा तांबडा चिखल बेअरिंगमध्ये शिरला की ती गंजून करकरायला लागतात.