पूर्व जर्मनीतील जुन्या कोळसा खाणींच्या तलावांभोवती ग्रॅव्हल सायकल चालवण्यासाठी कोणते मार्ग घ्यावेत, आणि कोल्हापूरहून जाताना काय तयारी करावी?

तुम्ही कोटबुसच्या विद्यापीठात शिकायला निघाला आहात, इकडे करवीर आणि राधानगरीच्या पाणंदींवर सायकल चालवण्याची तुम्हाला सवय आहे, आणि झेन्फ्टेनबर्गच्या तलावाभोवती ग्रॅव्हल सायकलने, म्हणजे खडी-मातीच्या कच्च्या वाटांसाठीच्या रुंद टायरच्या सायकलने, रस्ता सोडून आडवाटेने किती फिरता येईल, असे तुम्ही विचारले आहे. नोकरीनिमित्त काही वर्षे मी त्या भागात राहिलो असून आता कोल्हापुरात आहे, त्यामुळे दोन्हीकडची जमीन माझ्या परिचयाची आहे. थोडक्यात सांगायचे तर मार्ग भरपूर आहेत, पण तिथे आडवाट शोधायची ती आखलेल्या वाटांमध्येच. कारण सांगितल्याशिवाय हे पटणार नाही, म्हणून आधी कारण.

लाउझित्स नावाच्या या पट्ट्यात लिग्नाइट कोळसा उघड्या खाणींतून काढला जात असे. कोळशाच्या वरचा वाळू-मातीचा जाड थर यंत्रांनी उपसून खाणीच्या मागच्या रिकाम्या बाजूला ओतला जाई, आणि खाण कोरडी राहावी म्हणून भूजल सतत उपसून खाली ठेवले जाई. खाणी बंद झाल्यावर उपसा थांबला, पाणी वर चढू लागले आणि उरलेले खड्डे तलाव झाले. मात्र ती ओतलेली वाळू कधी दाबून बसवलेली नव्हती. तिच्यात पाणी भरले की एखाद्या लहानशा धक्क्यानेही ती पातळ होऊन वाहू लागते. १२ ऑक्टोबर २०१० रोजी श्प्रेताल भागात अशीच मोठी जमीन अचानक खचली, त्यात मालट्रक अडकले आणि मेंढ्यांचा कळप बुडाला. त्याआधी, जुलै २००९ मध्ये, मध्य जर्मनीतील नाख्टरश्टेट येथे तलावाकाठची घरेच पाण्यात घसरली आणि तिघांचा जीव गेला. श्प्रेतालच्या घटनेनंतर लाउझित्समधील भरावाची फार मोठी क्षेत्रे लोकांसाठी बंद करण्यात आली.

वरवर पाहून ही जमीन ओळखू येत नाही, हीच खरी अडचण आहे. भरावावरही पाइनची झाडे ओळीने लावलेली आहेत, त्यांच्यामधून दुचाकी जाईल अशी सुरेख वाळूची वाट गेलेली दिसते, आणि मोबाइलवरील मार्ग आखणारे अॅपसुद्धा कधीकधी तुम्हाला बिनदिक्कत तिच्यावरून नेते. वाटेच्या तोंडाशी एक फलक आणि फार तर एक आडवा खांब असतो. ‘लेबेन्सगेफार’ म्हणजे जिवाला धोका आणि ‘बेत्रेतन फेरबोतन’ म्हणजे प्रवेशबंदी, हे दोन शब्द जर्मन शिकायला लागण्याआधीच ओळखता आले पाहिजेत. आपल्याकडे ‘रस्ता बंद’ची पाटी बाजूला सारून पुढे जाण्याची जी सर्वांना सवय आहे, ती इथेच ठेवून जा. खाणींच्या पुनर्वसनाचे काम पाहणारी एलएमबीव्ही ही सरकारी कंपनी बंद क्षेत्रांचे नकाशे प्रसिद्ध करते. मार्ग आखताना ते शेजारी ठेवा, कारण काम पुढे सरकते तशा हद्दी बदलतात.

आता मार्गांकडे वळतो. झेन्फ्टेनबर्गचा तलाव हा या सर्वांत जुन्यांपैकी एक. नीम्च नावाच्या खाणीत १९६७ ते १९७२ या काळात पाणी भरले गेले आणि १९७३ पासून तिथे लोक पोहायला येऊ लागले. त्याची फेरी सुमारे १८ किलोमीटरची, सपाट आणि बहुतेक डांबरी आहे. पहिल्या रविवारी पाय मोकळे करायला ती चांगली, पण ग्रॅव्हल सायकलस्वाराचे मन तिथे फार रमणार नाही, आणि उन्हाळ्यात तर लहान मुले व स्केटिंग करणारे यांच्यातून वाट काढण्यातच वेळ जातो.

माझी पसंती त्याच्या पूर्वेकडील साखळीला आहे. ग्रोसकोशनहून कोशन कालव्याच्या बाजूने निघावे. हा कालवा २०१३ मध्ये खुला झाला आणि महामार्ग व श्वार्त्से एल्स्टर नदी या दोन्हींच्या खालून बोगद्याने जातो. पुढे गायर्सवाल्डे तलाव, मग पार्टवित्स, आणि तिथून झेडलित्स तलावाकाठचा गंजक्या रंगाच्या पोलादाचा ३० मीटर उंच मनोरा, ज्याला लोक ‘गंजलेला खिळा’ म्हणतात. वर चढल्यावर पाण्याची ही सगळी मांडणी एका नजरेत येते. शेजारच्या कालव्याला झोर्नो हे नाव आहे ते खाणीसाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उठवलेल्या गावाचे. लाउझित्समध्ये अशी शंभराहून अधिक गावे गेली, त्यांत सोर्ब या अल्पसंख्य समाजाची बरीच. धरणाखाली गावे गेलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला त्या नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

एक दिवस पश्चिमेकडे लिश्टरफेल्डसाठी राखून ठेवा. खाणीवरची माती पलीकडे वाहून नेणारा ५०२ मीटर लांबीचा एफ-साठ हा पोलादी पूल तिथे उभा आहे, आणि जाताना न खणलेल्या जमिनीवरील जंगलवाटा लागतात. खरे ग्रॅव्हल मला तिथेच मिळाले.

या वाटांवरची वाळू मात्र कोल्हापूरच्या मुरुमासारखी वागत नाही. मुरूम चाकाखाली सरकला तरी खाली घट्ट थर लागतो. तिथली बारीक, कोरडी वाळू पुढचे चाक सरळ गिळते आणि हँडल आडवे होते. पस्तीस मिलिमीटरचे टायर आपल्याकडे पुरतात, तिथे किमान ४५ घ्या, ट्यूबलेस करा आणि हवा कमी ठेवा. वाळू दिसताच हलका गिअर टाकून वजन मागे न्यायचे, पायडल थांबवायचे नाही आणि हँडल आवळून धरायचे नाही. सरावासाठी गळीत हंगामात ऊसवाहू ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी कुटून पीठ केलेली एखादी पाणंद शोधा, कारण तेवढ्या भुसभुशीत मातीइतकी जवळची तालीम आपल्याकडे दुसरी नाही.

चढ नाहीत, त्यामुळे पन्हाळा किंवा गगनबावड्याच्या बाजूला पाय कमावलेल्यांना सुरुवातीला सगळे फार सोपे वाटेल, पण उघड्या काठांवर समोरून येणारा वारा चढाइतकाच दमवतो. पाणी भरपूर न्या. रविवारी दुकाने बंद असतात, दर पाच मैलांवर चहाची टपरी नसते, आणि खाणीतल्या गंधकयुक्त खनिजामुळे यांतील कित्येक तलावांचे पाणी आम्लयुक्त होते. ते सुधारण्यासाठी बोटींतून चुना टाकावा लागतो, तेव्हा बाटली तलावात बुडवू नका.

सायकल इथून न्यावी का? चांगली फ्रेम असेल तर खोक्यात घालून जरूर न्या, पण टायर तिकडेच बदला. पुढचा पांढरा व मागचा लाल दिवा तिथे कायद्याने लागतो. प्रादेशिक रेल्वेत सायकलचे वेगळे तिकीट घ्यावे लागते, आणि गर्दीच्या वेळी डब्यात जागा नसेल तर पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते.