हायपरट्रायटन भट्टीत टिकतो कसा?

प्रश्न : लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणत्वरकात शिशाची अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळतात, तेव्हा तापमान १५० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर जातं (इथे तापमानही ऊर्जेच्या एककात मोजतात). हायपरट्रायटन या अणुकेंद्रकातला लॅम्डा (प्रोटॉनसारखाच, पण जड आणि अल्पायुषी कण) तर जेमतेम ०.१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टनं बांधलेला. मग तो तिथे टिकतो कसा आणि ओळखतात कसा?

उत्तर : तो टकरीच्या या भट्टीत टिकत नाही, भट्टी विझताना जन्मतो, असं मानायला आता चांगला आधार आहे. हायपरट्रायटन म्हणजे प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि लॅम्डा. यातला लॅम्डा उरलेल्या जोडीपासून सरासरी सुमारे १० फेम्टोमीटर (मीटरचा हजार अब्जांश भागाचाही हजारावा भाग म्हणजे एक फेम्टोमीटर) दूर असतो, म्हणजे शिशाच्या अख्ख्या अणुकेंद्रकाच्या त्रिज्येहून लांब! कणांच्या आपसातल्या टकरी थांबल्या, की जवळजवळ असलेले आणि साधारण एकाच वेगानं निघालेले हे तिघे जुळतात; ही झाली जुळणीची कल्पना. याउलट, सगळ्या कणांची संख्या १५६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टलाच ठरते असं मानणारं सांख्यिकी प्रारूपही शिसे-शिसे टकरींतलं उत्पादन बऱ्यापैकी सांगतं. खरी कसोटी लहान टकरींत लागते. प्रोटॉन-शिसे टकरीत कण जिथून निघतात तो भाग इतका छोटा, की एवढ्या सैल कणाची जुळणी अवघड व्हायला हवी. याच कोलायडरवरच्या अ‍ॅलिस प्रयोगाच्या २०२२ मधल्या मोजमापात उत्पादन तसंच घटलेलं दिसलं आणि सांख्यिकी प्रारूपाची काही रूपं बाद झाली.

आता ओळख. त्याचं आयुर्मान सुमारे २५३ पिकोसेकंद, त्यामुळे तो टकरीच्या जागेपासून काही सेंटिमीटरवर फुटतो. अशा फुटण्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात हेलियम-३ चं अणुकेंद्रक आणि ऋण पायॉन (ऋण भाराचा एक हलका कण) मिळतात. दोघांचे मार्ग मागे नेऊन ते टकरीपासून वेगळ्या बिंदूत भेटतात का, हे आधी पाहायचं. मग जोडीचं वस्तुमान काढायचं. अशा वस्तुमानांच्या आलेखात २.९९१ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टला उंचवटा आला पाहिजे.

इथे एक चूक हमखास होते. चुंबकीय क्षेत्रातल्या मार्गाच्या वक्रतेवरून संवेग (वस्तुमान आणि वेग यांवर ठरणारी राशी) भागिले विद्युतभार एवढंच कळतं. हेलियमचा भार २, म्हणून तो आकडा दुप्पट करायलाच हवा, नाहीतर उंचवटा दिसणारच नाही. शिवाय कमी संवेगाला ट्रिटियमची (हायड्रोजनच्या जड प्रकाराची) अणुकेंद्रकं हेलियम-३ म्हणून घुसतात. आणि एकेका टकरीत हजारो पायॉन असल्यानं खोट्या जोड्यांचा ढीग पडतो. त्याचा अंदाज हेलियम-३ सोबत धन पायॉन जोडून घेता येतो, कारण तशा जोडीत खरा हायपरट्रायटन नसतोच.

कण ज्या नळीतून धावतात त्या बीम पाइपच्या धातूतूनही, कण आदळल्यानं, हेलियम-३ उडतं. प्रतिहेलियम (हेलियमचं प्रतिद्रव्य रूप) मात्र तिथून उडू शकत नाही, म्हणून सुरुवात करणाऱ्यानं प्रतिहायपरट्रायटन आधी शोधावा.